केसपेपरवर मिश्रीचाही रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाडाच्या ऑपरेशननंतर टाका पिकला की आपल्याकडे दोनच निकाल लागतात: एक तर डॉक्टरांनी बिघडवले, नाही तर नशीबच फुटके. परिचारिका म्हणून शासकीय सेवेतील माझ्या एकतीस वर्षांपैकी बहुतेक काळ मी अस्थिव्यंगोपचार वॉर्डात काढला आहे आणि हे दोन्ही निकाल मी शेकडो नातेवाइकांच्या तोंडून ऐकले आहेत. कधी डॉक्टरांचे चुकते, हेही खरे. पण रुग्णाच्या ताटात, त्याच्या रक्तातल्या साखरेत आणि उशीखालच्या डबीत काय आहे, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. गेल्या हिवाळ्यात ही गोष्ट माझ्याच घरात घडली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. वय बासष्ट, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि घोट्याच्या जरा वर नडगीचे हाड मोडले. मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात प्लेट बसवली. नंतरचा एक्स-रे मी स्वतः उजेडाकडे धरून पाहिला आणि हाडाची जुळणी पाहून निश्चिंत झाले. बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो. जखमेची वरची चार बोटे सुरेख मिटली होती, केसाएवढी बारीक रेघ तेवढी दिसत होती. पण घोट्याजवळचे शेवटचे दीड बोट काळपट पडले होते. तिथल्या कडा एकमेकींना टेकल्या होत्या, चिकटल्या मात्र नव्हत्या, आणि गॉजवर दहा रुपयांच्या नाण्याएवढी पिवळसर ओल होती. पू नव्हता, ताप नव्हता, वासही नव्हता. तरुण डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा चाळला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, धूम्रपान नाही, मद्यपान नाही. ते बुचकळ्यात पडले आणि मीही. तेवढ्यात जाऊबाईंनी पदर सारखा केला आणि माझे लक्ष त्यांच्या उजव्या तर्जनीकडे गेले. नखाच्या कडेने मिश्रीची, म्हणजे भाजून कुटलेल्या तंबाखूची, काळी रेघ होती. मी विचारले तर त्या सरळ म्हणाल्या, ‘अगं, सकाळी उठल्यापासनं पाच-सा येळा लावती. आता पडून पडून येळ जाईना, म्हनून जरा जास्तीच.’ मी कपाळावर आठ्या घातल्या तेव्हा त्यांनी ऐकवले, ‘मी कुठं विडी वडती? मिश्रीचं कुणी इचारलंच न्हाय.’

त्यांचे शंभर टक्के बरोबर होते, आणि ते ऐकून मला खाली बघावे लागले. कारण एकतीस वर्षे रुग्ण दाखल करून घेताना मीही ‘विडी-सिगारेट?’ एवढेच विचारत आले आणि लुगड्यातल्या बायकांच्या बाबतीत तर तेवढेही न विचारता ‘नाही’ असे लिहीत आले. प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१६-१७ साली झाले, त्यानुसार देशात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट आहेत. आपल्या सातारा-सांगलीच्या खेड्यांत तर चुन्यात मळलेली चिमूट पुरुषांच्या गालात आणि भाजून कुटलेली मिश्री बायकांच्या दातांवर, हे रोजचे दृश्य आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, ते कोणत्याही एसटी स्टँडच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या सांगतील. अशा मुलखात नुसते धूम्रपान विचारून थांबणे म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणे होय.

तंबाखूचा आणि पायाच्या जखमेचा संबंध काय, असे कोणी विचारील. जखम भरते ती रक्ताने आणलेल्या प्राणवायूवर आणि अन्नावर. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्राणवायू लागतो आणि जखमेच्या दोन कडांना धरून ठेवणारा कोलॅजेनचा धागा पक्का व्हायलाही तोच लागतो. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यात भर घालतो, कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनवरची प्राणवायूची जागा तो बळकावून बसतो. डेन्मार्कमधील एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खुबा आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांना सहा ते आठ आठवडे आधीपासून ती सवय सोडायला किंवा कमी करायला मदत केली गेली. मदत मिळालेल्यांत जखमेच्या तक्रारी ५ टक्के निघाल्या, न मिळालेल्यांत ३१ टक्के. एवढा फरक एखाद्या नव्या महागड्या औषधाने पडला असता तर त्याच्या जाहिराती एव्हाना तुमच्याच पहिल्या पानावर झळकल्या असत्या. अपघातात मोडलेल्या हाडाला अर्थातच सहा आठवड्यांची सवड नसते. पण स्वीडनमध्ये फ्रॅक्चरच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखल झाल्यापासून सहा आठवडे धूम्रपान सोडवण्याचा प्रयत्न झाला, तरीही गुंतागुंत कमी झाली. तेव्हा ‘आता ऑपरेशन झालंच, आता काय उपयोग’ हे म्हणणे खोटे आहे.

मिश्रीत धूर नसतो, तेव्हा तिचा दोष विडीइतकाच आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जाऊबाईंची जखम एकट्या मिश्रीने अडली नव्हती. पण निकोटीन तोंडातूनही रक्तात उतरते, शिवाय ते भूक मारते. आणि भुकेचे प्रकरण पुढे निघालेच.

त्याआधी नडगीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिच्यावरून वॉर्डात सर्वाधिक भांडणे होतात. कोणीही आपल्या नडगीवरून अंगठा फिरवून पाहावा. कातडीखाली थेट हाड लागते. मांडीत मांसाची जाड गादी असते आणि रक्तपुरवठाही भरपूर; नडगीच्या पुढच्या बाजूला आणि घोट्याभोवती ती गादीच नाही. त्यामुळे तिथली जखम मुळातच उशिरा भरते, आणि हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. (जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोत कार्बोलिक आम्लाचा पहिला यशस्वी प्रयोग केला, तो नेमका अशाच जखमेवर: अंगावरून गाडीचे चाक गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या नडगीवर. तोवर अशा मोडतोडीला पाय कापणे हाच बहुधा शेवट असे.) मोडलेला घोटा सुजून भोपळ्यासारखा होतो, कातडी ताणून चकाकते, पाण्याने भरलेले फोड येतात. अशा कातडीवर सुरी चालवली तर ती पुन्हा जुळत नाही. म्हणून सर्जन पाय उंच ठेवून आठवडा-दोन आठवडे थांबतात आणि सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की मगच हात घालतात. इकडे नातेवाइकांचा समज असा की बिल वाढवायला माणूस झोपवून ठेवलाय. मी अनेकांना रुग्णाच्या पायाजवळ नेऊन सुरकुती दाखवली आहे. ती डोळ्यांनी पाहिली की बहुतेकांचा राग निवतो. डॉक्टरांनी हे दोन मिनिटे खर्चून आधीच सांगितले तर परिसेविकेची (वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेची) घसाफोड वाचेल, हे जाता जाता नोंदवते.

आता ताटाकडे वळू. जाऊबाईंना घरी आणल्यापासून सुनेने मनापासून ‘पथ्य’ सांभाळले होते. डाळ बंद, कारण डाळीने पू धरतो. वांगे बंद, अंडे बंद, आंबट म्हणून लिंबूसुद्धा बंद. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी भाकरी आणि पालेभाजीचे पाणी, रात्री भाताची पेज. मी हिशेब मांडला तेव्हा दिवसाची प्रथिने वीस ग्रॅमच्या वर जाईनात. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम लागतात, म्हणजे त्यांना ५५ ते ६५ ग्रॅम हवी होती. जखमेचा सगळा नवा माल प्रथिनांतूनच घडतो. विटा न देता गवंड्याला भिंत बांधायला सांगावे, तसे हे पथ्य. डाळ, अंडे, वांगे यांनी पू होत नाही. पू जंतूंनी होतो, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी उपाशी राहिल्या तर अधिकच होतो. लिंबू बंद करणे तर उलटच, कारण कोलॅजेन घडायला क जीवनसत्त्व लागते आणि ते नसले की खलाशांच्या भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उकलत, हे दर्यावर्दी वैद्यांनी कित्येक पिढ्यांपूर्वी पाहून ठेवले आहे. रक्त तपासले तर जाऊबाईंचे अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) २.९ निघाले; ते ३.५ च्या खाली असले तर जखमेला धोका वाढतो, हे हाडांच्या सर्जनांना चांगले ठाऊक असते. हिमोग्लोबिन ८.९. यात नवल काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या, आणि बासष्टीची बाई त्या मोजणीत येतच नाही.

यावर महागडी डब्याची पावडर हाच उपाय नव्हे. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण सहा-सात, पेलाभर दूध तेवढेच, मूठभर शेंगदाणे तेवढेच. ज्या घरात शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ताट पुरे होत नाही, त्या घरात ऑपरेशनच्या माणसाच्या ताटातून नेमकी चटणीच काढून घेतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

मधुमेह असेल तर हिशेब आणखी बदलतो. साखर २०० च्या वर राहू लागली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या आगेमागे ती १८० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. आणि सांधेबदलासारखी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी आठाच्या खाली आल्याशिवाय बरेच सर्जन तारीख देत नाहीत. तारीख न देणारा डॉक्टर टाळतोय असे समजू नये. भेटायला येणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे की मधुमेही रुग्णाच्या उशाशी ग्लुकोजची पुडी आणि क्रीमच्या बिस्किटांचे पुडे मांडून जाऊ नयेत. तसेच गुडघा बदलायचा ठरला असेल तर आधीच्या तीन महिन्यांत सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये आणि आधीच घेतले असेल तर ते सर्जनपासून लपवू नये. त्याने सांध्यात जंतूंचा शिरकाव होण्याची शक्यता वाढते.

हळदीविषयी लिहिताना हात जरा अडखळतो, कारण ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या पेठेच्या गावात मी वाढले. हळद आमटीत हवी, दुधात हवी. टाक्यांच्या फटीत नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिची पूड जखमेत कचऱ्यासारखी अडकून बसते. दुसरी खोड फेसाची. गावात पट्टी बदलणारे अनेक जण जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात. पांढरा फेस उसळतो आणि पाहणाऱ्यांना वाटते, घाण निघाली. प्रत्यक्षात त्या फेसात नव्याने आलेल्या कोवळ्या पेशीही मरतात. स्वच्छ मिटलेल्या जखमेला रोज उघडून रोज काहीतरी लावण्याची गरजच नसते. कोरडी पट्टी, धुतलेले हात आणि पाय उशीवर उंच, एवढे पुष्कळ झाले.

जतहून किंवा आटपाडीहून मिरजेला दाखवायला यायचे तर रुग्णासोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, म्हणून लोक पट्टी गावातच बदलतात. त्यात गैर काही नाही. गैर पुढे होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पट्टी ओली होत असेल, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढली असेल, जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप येत असेल, तर गावातला दवाखाना अँटिबायोटिकच्या गोळ्या देतो. चार दिवस बरे वाटते आणि आत प्लेटवर जंतूंचा चिकट थर बसत राहतो. धातूवर असा थर एकदा बसला की गोळ्या त्याच्या आत पोचत नाहीत; मग प्लेट धुणे किंवा काढणे हेच उरते. म्हणून अशी चिन्हे दिसताच ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनाच जखम दाखवावी, तीही गोळ्या सुरू करण्याआधी. टाके निघाले म्हणजे सुटलो, असेही नाही. आत धातू असेल तर ९० दिवसांपर्यंत जखमेवर लक्ष ठेवावे लागते. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या फार तर २५ ते ३० टक्के ताकद असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि पुढे पूर्ववत कधीच होत नाही.

रुग्णालयांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले की शस्त्रक्रियेच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने कापावेत, कारण वस्तऱ्याने कातडीवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि जंतूंना तेवढी जागा पुरते. अँटिबायोटिक सुरी लावण्याआधीच्या दोन तासांत द्यावे आणि केवळ खबरदारी म्हणून नंतर दिवसेंदिवस चालू ठेवू नये, हेही त्यात आहे. तरीही आदल्या रात्री वस्तरा फिरवण्याची सवय मी निवृत्त होईपर्यंत पुरती गेली नव्हती, आणि डिस्चार्जच्या वेळी सात-सात दिवसांच्या गोळ्या लिहून देण्याची तर नाहीच. त्याहून मला खुपतो तो डिस्चार्ज कार्डाचा कागद. जाऊबाईंच्या कार्डावर प्लेटला किती भोके होती याची नोंद होती, पण काय खावे, मिश्रीचे काय करावे, कोणती खूण दिसली की धावत यावे, यांपैकी मराठीत एक ओळ नव्हती. जो कागद घरात कोणालाच वाचता येत नाही, तो देवघरातल्या फोटोमागे जातो. आमचाही तिथेच सापडला.

जाऊबाईंची जखम पुढे सातव्या आठवड्यात भरली. सर्जननी मेलेली कड कापून काढली, सुनेने वरण आणि अंडी सुरू केली, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, आणि मिश्रीची डबी मी काढून घेतली. त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. प्लेट जागच्या जागी राहिली. यांतल्या कोणत्या एका उपायाने काम झाले ते सांगता येणार नाही आणि तसा शोध घेण्यात अर्थही नाही, कारण जखम अडते तीही सहसा एका कारणाने नाही.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या शासकीय व खासगी अस्थिरोग विभागांकडे माझी मागणी अगदी लहान आहे. नवे यंत्र नको, निधी नको. केसपेपरवर ‘धूम्रपान’ या रकान्याखाली एक ओळ वाढवावी, आणि दाखल करून घेणाऱ्या परिचारिकेने ती बायकांनाही, सासू-सून दोघी समोर असल्या तरी, न संकोचता वाचून दाखवावी. उत्तर ‘होय’ आले तर तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक त्याच कागदावर लिहून द्यावा. ओळीचा मसुदा मी सुचवते, तो असा: ‘मिश्री, तंबाखू, तपकीर, गुटखा, मावा: दिवसातून किती वेळा? शेवटची कधी?’

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)